तीनची शिफ्ट, चोवीस फ्रेम आणि एक चुकलेला शॉट
(इंजिनिअरिंग करता करता सिनेमाचा अभ्यास)

आपल्या हॉस्टेलवर दरवर्षी एक तरी जण असा निघतोच, की एम-थ्रीचा रिझल्ट लागला की तो बॅग भरायला घेतो आणि जाहीर करतो, "बास झालं! आता इंजिनिअरिंग सोडणार आणि सिनेमात जाणार!" आम्ही सेकंड इयरला असताना हा मान आमच्या रूमला मिळाला. माझा रूममेट रात्री साडेअकराला बॅग भरत होता आणि अख्खी विंग दारात उभी राहून बघत होती.

"जाणार कुठे पण?" कुणीतरी विचारलं.

"एफटीआयआयला. इथून पंधरा-वीस किलोमीटर तर आहे."

"ॲडमिशनला काय लागतं?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आमच्यातल्याही कुणाकडे नव्हतं. मग मोबाईलवर शोधाशोध झाली. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या तिथल्या मुख्य कोर्सेसना पदवी लागते हे कळलं. कुठलीही चालते, पण लागते! ज्या डिग्रीपासून पळायचं होतं तीच तिथल्या दारावर उभी! पठ्ठ्या बॅगेवरच बसला. आम्ही सगळे हसलो. त्याला मात्र हसू येत नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मग ही अडीच वर्षं मी करायचं काय?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आम्ही दोघांनी जे काही वाचलं, बघितलं आणि एकदा चांगलंच तोंडावर आपटलो, ते या लेखात सांगतो आहे. सिनेमात जाणाऱ्यांसाठी हा लेख आहेच, पण न जाणाऱ्यांसाठी जास्त आहे.

पदवी आधी की सिनेमा आधी?

प्रथम माहिती, कारण गैरसमज फार आहेत.

कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. पुढे ती बंद पडली आणि त्याच जागेत १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. १९७४ पासून तिच्या नावात टेलिव्हिजनही आलं. लॉ कॉलेज रोडवरची एफटीआयआय ती हीच. २०२५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच रस्त्यावर आहे. २०२२ पासून ते एनएफडीसीच्या अखत्यारीत आहे.

बारावीनंतर थेट सिनेमाची पदवी देणारी खासगी विद्यापीठं आता पुण्या-मुंबईत बरीच आहेत. त्यांची फी मात्र आपल्यासारख्यांच्या घरी सांगताना आवंढा गिळावा लागेल अशी असते. म्हणून आपल्या मुलांपुढे खरे दोन रस्ते उरतात. एक, इंजिनिअरिंग सोडून सगळं नव्याने सुरू करायचं. दुसरा, डिग्री पूर्ण करायची आणि ती करता करता सिनेमा हा एक विषय म्हणून शिकायचा. मी दुसऱ्या रस्त्याच्या बाजूचा आहे. त्याचं कारण "प्लॅन बी पाहिजे" एवढंच नाही. आपण जे शिकतो ते सिनेमात वाया जात नाही, हे मला मागाहून कळलं. एफटीआयआयच्या ध्वनी विभागाला बारावीला फिजिक्स असणं लागतं, ते उगाच नाही. २००९ साली ज्याला 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं तो रसूल पुकुट्टी फिजिक्सचा पदवीधर आणि याच संस्थेचा विद्यार्थी.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं. नागराज मंजुळे तेव्हाच्या अहमदनगरला न्यू आर्ट्स कॉलेजमध्ये शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म केली. अभ्यासाचा भाग म्हणून केलेली ती फिल्म थेट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली. 'फँड्री' आणि 'सैराट' नंतरचे. म्हणजे कॉलेजात केलेलं काम हे फक्त "गॅदरिंगपुरतं" असतं असं कुणी समजू नये.

बघणं वेगळं, अभ्यास वेगळा

"सिनेमाचा अभ्यास काय करायचा? आम्ही रोज रात्री करतोच की!" असं म्हणणारे आपल्याकडे खोलीगणिक आहेत. मित्रांनो, एसटीत बसून हजार वेळा घाट चढलो म्हणून इंजिन कळत नाही. ते उघडावं लागतं. सिनेमाचंही तसंच आहे. सिनेमा उघडायचा म्हणजे तीन प्रश्न विचारायचे: कॅमेरा कुठे ठेवलाय? शॉट कुठे कापलाय? आणि आवाज कुठून येतोय? चौथा प्रश्न आपोआप येतो: असंच का केलं?

आमचे पहिले तीन धडे असे झाले.

धडा पहिला : फॅक्टरी सुटली!

जगातल्या अगदी पहिल्या सिनेमांपैकी एक सिनेमा कशावर आहे, ठाऊक आहे? शिफ्ट सुटण्यावर! फ्रान्समधल्या लिऑं शहरात ल्युमिएर बंधूंचा फोटोच्या काचा बनवायचा कारखाना होता. १८९५ साली त्यांनी आपल्याच कारखान्याच्या गेटसमोर कॅमेरा लावला. गेट उघडतं, कामगार बाया-पुरुष बाहेर पडतात, सायकली येतात, एक कुत्रा मध्येच येतो, गेट बंद. एक मिनिटाच्या आत खेळ खलास. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएरच्या माणसांनी पहिल्यांदा सिनेमा दाखवला, त्या कार्यक्रमातही कारखाना सुटल्याचा हा तुकडा होता.

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात राहणाऱ्याला यात नवल काय वाटणार? पहिली शिफ्ट सुटली की आपल्याकडे रोज हाच सिनेमा लागतो. पण गंमत पुढे आहे. या फिल्मच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत. एकीत एका घोड्याची गाडी आहे, दुसरीत दोन घोड्यांची आणि तिसरीत घोडाच नाही. कपडेही ऋतूप्रमाणे बदललेले दिसतात. म्हणजे हे तीन वेळा शूट झालंय. जे "सहज घडलेलं" वाटतं त्याचाही रिटेक झाला होता!

हे कळल्यावर आम्ही दोघं एका दुपारी भोसरीत एका कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. रस्त्याच्या पलीकडे, सुरक्षारक्षकाला विचारून, मोबाईल एका जागी ठेवला आणि फक्त पन्नास सेकंद शूट केलं. झूम नाही, हलवाहलव नाही. घरी येऊन वीसेक वेळा बघितलं. पर्मनंट कामगार बसकडे जात होते, कॉन्ट्रॅक्टवाले पायी हायवेकडे. दोन वर्षं त्या रस्त्याने जात होतो, हे कधी दिसलं नव्हतं. कॅमेरा नुसता स्थिर ठेवला तर तो आपल्यापेक्षा जास्त बघतो, हा पहिला धडा.

धडा दुसरा : १९३६, देहू आणि कन्व्हेयर

दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपल्याला देहू म्हणजे रविवारी बाईक काढली की येणारं गाव. तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला असते तेव्हा आपल्यातले कितीतरी जण पाणी वाटायला जातात. तरी आमच्या विंगमध्ये हा सिनेमा पूर्ण पाहिलेला एकही जण नव्हता. "जुना आहे, ब्लॅक अँड व्हाइट आहे, झोप येईल."

आम्ही तो तीन वेळा बघितला. पहिल्यांदा तुकोबांसाठी, विष्णुपंत पागनीसांचा तो शांत चेहरा विसरता येत नाही. दुसऱ्यांदा फक्त जिजाईवर लक्ष ठेवून. गौरी नावाच्या नटीने ती भूमिका केली आहे. आणि खरा सिनेमा तेव्हा दिसला. तुकोबा भजनात असतात तेव्हा जिजाई गुरं, चूल, पोरं यांच्यात असते. चमत्काराचं दृश्य आणि घरकामाचं दृश्य सारख्याच साधेपणाने घेतलंय. म्हणून चमत्कार खरा वाटतो आणि घरकाम मोठं वाटतं. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐकलं. त्यात शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक पद आहे, जे पुष्कळांना खुद्द तुकोबांचा अभंग वाटतं. इतकी ती भाषा जुळलेली आहे.

आता ही सिनेमाची मंडळी कोण होती ते बघा. दामले आणि फत्तेलाल हे दोघंही कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. विलायती कॅमेरा आणायची ऐपत नव्हती म्हणून पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने कॅमेराच घरी बनवला. लेथवर! त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी भांडवलदाराची खात्री पटवायला काय केलं? कुंडीत रोप लावलं आणि ठराविक वेळाने एकेक फ्रेम घेत 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म तयार केली. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी प्रोटोटाइप, मग फंडिंग! कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके घरी करत. त्यातून ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला. म्हणजे आपल्या सिनेमाचा पाया घालणारी माणसं आधी कारागीर होती, हे इंजिनिअरिंगच्या पोरांनी विसरू नये.

त्याच १९३६ साली तिकडे चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आला. चार्ली कन्व्हेयरवर नट आवळतोय, मालक पट्ट्याचा वेग वाढवतोय आणि लाईन सोडल्यावरही चार्लीचे हात आवळतच राहतात. आपण इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला लाईन बॅलन्सिंगची गणितं सोडवतो, त्यात ऑपरेटर म्हणजे फक्त सेकंदांचा आकडा असतो. हा सिनेमा बघून मग तेच गणित सोडवा. उत्तर तेच येईल, पण आकडा लिहिताना हात जरा थांबेल.

धडा तिसरा : चोवीसचं गणित

आता जरा आपल्या आवडीचं (किंवा नावडीचं) गणित.

बोलपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. मिनिटाला झाल्या १४४०. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. दोन तासांचा सिनेमा १०,८०० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. जुने लोक शॉट घेण्याआधी दहादा रिहर्सल का करत, ते या आकड्यांवरून कळतं. आपण मोबाईलवर फुकट शूट करतो म्हणून विचारही फुकटातला करतो.

दुसरी गोष्ट शटरची. आपला मेन्स सप्लाय ५० हर्ट्झचा. ट्यूबलाईटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. प्रत्येक फ्रेमला त्या चढउतारांचे पूर्ण फेरे मिळाले, तर सगळ्या फ्रेम सारख्या उजळतात. म्हणून आपल्याकडे शॉपमध्ये शूट करताना शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं. १/६० किंवा १/५०० ठेवलं की पडद्यावर पट्टे सरकायला लागतात, नाहीतर उजेड थरथरतो.

तिसरी गोष्ट फिरणाऱ्या वस्तूची. तीन जबड्यांचा चक दर १२० अंशांनी सारखाच दिसतो. तो मिनिटाला ४८० फेऱ्यांनी फिरतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला ८ फेरे, आणि २४ फ्रेमच्या हिशोबाने प्रत्येक फ्रेमला बरोबर एक तृतीयांश फेरा, १२० अंश. शटर जलद असेल तर पडद्यावर चक थांबलेला दिसणार! ४७० फेऱ्या असतील तर तोच चक सावकाश उलटा फिरताना दिसणार. बीईईच्या पुस्तकात 'स्ट्रोबोस्कोपिक इफेक्ट' म्हणून दोन मार्काला जे असतं ते हेच. तिथे कॅमेऱ्याऐवजी ट्यूबलाईट असते. १०० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडात तोच चक २००० आरपीएमला थांबल्यासारखा भासू शकतो. म्हणून शॉपमध्ये शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर देतात.

हे सगळं मला परीक्षेसाठी पाठ होतं. तरीही पुढची चूक झालीच. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

चुकलेला शॉट

माझे वडील टर्नर आहेत. भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर बावीस वर्षं झाली. थर्ड इयरच्या गॅदरिंगला शॉर्ट फिल्मची स्पर्धा होती. मी त्यांच्यावर सहा मिनिटांची फिल्म करायचं ठरवलं. मालकांनी रविवारी सकाळी परवानगी दिली. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी म्हटलं, "पप्पा, रोजचा घाला ना." ते म्हणाले, "पिच्चरमध्ये काय रोज येतो का मी?" (ल्युमिएरचे कामगार मला तिथेच आठवायला हवे होते.)

शूटिंग झोकात झालं. चिप उडताना एकेक कण कसा टिपला जाईल म्हणून मी शटर १/५०० ठेवलं. एडिटिंगला रूममेट बसला. मशीन बंद करून चक पूर्ण थांबेपर्यंत वडील नुसते उभे राहतात, तो चार-पाच सेकंदांचा भाग आम्हाला "स्लो" वाटला, तो कापून टाकला. मशीनचा घरघराट कानाला लागत होता, तोही काढून त्या जागी छान बासरी टाकली. विंगमध्ये दाखवली तर पोरांनी शिट्ट्या मारल्या. पट्टे थोडे सरकत होते, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी घरी गेलो आणि वडिलांना दाखवली. आई रडायचीच बाकी होती. वडील मात्र गप्प. म्हणाले, "परत लाव." परत लावली. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. "इथं थांबव."

"काय झालं पप्पा?"

"चिप उडतीय म्हणजे मशीन चालू आहे. पण चक थांबलेला दिसतोय. आणि पुढच्याला लगेच मी जॉबला व्हर्नियर लावतोय. चालू मशीनवर मी माप घेतो का?"

"नाही हो, तुम्ही मशीन बंद केलं होतं. तो भाग आम्ही कापला."

"मग तो कापायचा नव्हता. तुमच्या कॉलेजातली पोरं उद्या शॉपवर जाणार. हे बघून एखाद्यानं हात घातला तर?" थोडं थांबून म्हणाले, "माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, ती त्या चार सेकंदांमुळे आहेत. तू नेमकी तीच काढलीस. हे दाखवू नको."

मित्रांनो, कुठल्याही परीक्षकाने माझ्या कामावर इतकी नेमकी टीका कधी केलेली नाही. तीन चुका झाल्या होत्या आणि तिन्ही तांत्रिक होत्या. शटरमुळे फिरता चक थांबलेला दिसला. कापल्यामुळे दोन वेगळ्या क्षणांचा एकच क्षण झाला. आणि मशीनचा आवाज काढल्यामुळे "यंत्र चालू आहे" हे सांगणारा शेवटचा साक्षीदारही गेला. एकेकटी चूक कदाचित चालून गेली असती. तिन्ही एकत्र आल्या आणि आम्ही एका सावध कारागिराला निष्काळजी करून दाखवलं. तेही कौतुक करायला निघालो असताना!

रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने १९२० च्या आसपास एक प्रयोग केला होता. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या ताटलीला जोडला, एकदा शवपेटीला. प्रेक्षकांना एकदा त्यात भूक दिसली, एकदा दुःख. अर्थ शॉटमध्ये नसतो, दोन शॉटच्या सांध्यात असतो, असं त्यावरून सांगतात. मी हे वाचलं होतं, वहीत उतरवलंही होतं. पण ते कळलं आमच्या स्वयंपाकघरात, वडिलांनी हात वर केला तेव्हा.

आम्ही स्पर्धेतून फिल्म काढून घेतली. पुढच्या महिन्यात पुन्हा परवानगी काढली आणि परत शूट केलं. शटर १/५०. चक आता धूसर फिरताना दिसतो, म्हणजे जसा डोळ्याला दिसतो तसाच. थांबण्याचे चार सेकंद पूर्ण ठेवले. बासरी काढली, मशीनचा आवाज ठेवला. आणि मग एक गंमत झाली. मशीन बंद केल्यावर आवाज उतरत जातो, वडील हात मागे घेऊन उभे आहेत, चक फिरत फिरत थांबतो, शांतता होते, आणि तेव्हा ते व्हर्नियर उचलतात. जो भाग आम्हाला "स्लो" वाटला होता, तोच आता फिल्ममधला सगळ्यात चांगला भाग आहे. पहिल्या आवृत्तीपेक्षा टाळ्या कमी पडल्या. शिट्ट्या तर नाहीतच. पण वर्कशॉपचे सर दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन आले आणि म्हणाले, "एफईच्या पोरांना पहिल्या प्रॅक्टिकलला दाखवतो."

आवाजाचं महत्त्व कळायला आणखी एक फिल्म जरूर बघा. उमेश कुलकर्णी यांनी एफटीआयआयला शिकत असताना केलेली 'गिरणी'. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या आवाजाने एका मुलाचं जग कसं बदलतं, एवढीच गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लहान यंत्र, लहान घर, आणि सगळा अर्थ आवाजात!

जपून ठेवा!

सिनेमाच्या अभ्यासातला एक भाग आपण सपशेल विसरतो, तो म्हणजे जपणूक. 'राजा हरिश्चंद्र'ची आज फक्त काही रिळं उरली आहेत. 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट पूर्ण नाहीसा झाला. जुनी फिल्म नायट्रेटची असे. नायट्रोसेल्युलोजमध्ये ऑक्सिजन अंगचाच असतो, त्यामुळे एकदा पेटली की ती पाण्याखालीही जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि तिथली जुनी नायट्रेट रिळं खाक झाली. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने संग्रहालयात आयुष्यभर रिळं गोळा केली नसती, तर आज 'संत तुकाराम'वर बोलायला आपल्याकडे काय उरलं असतं?

आपण काय करतो? मागच्या पाच वर्षांतल्या गॅदरिंगच्या फिल्म शोधायला मी सांस्कृतिक विभागात गेलो होतो. पेन ड्राइव्ह हरवले, लिंक उघडत नाहीत, मुलं पासआउट झाली. सेक्रेटरींना विनंती आहे, की प्रत्येक फिल्मच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि सोबत एका कागदावर कुणी, कधी, कशावर शूट केली ते लिहावं. खर्च शून्य.

हॉस्टेलच्या वेळापत्रकात कसं बसवायचं?

आता व्यवहाराचं. सबमिशन, ओरल, मेसच्या वेळा सांभाळून हे सहज जमतं.

१) आठवड्याला एकच सिनेमा, पण दोनदा. दुसऱ्यांदा त्यातली फक्त पाच मिनिटं निवडून शॉट मोजायचे. प्रत्येक शॉट किती सेकंदांचा, कॅमेरा कुठे, आवाज कुठून, हे जर्नलसारखं टेबल करून लिहायचं. (हे जर्नल मात्र कुणाचं बघून उतरवायचं नाही!)

२) एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे सिनेमाविषयक कोर्सेस मोफत ऐकता येतात. ओपन इलेक्टिव्हच्या यादीत असा काही विषय असेल तर जरूर घ्या. "स्कोअरिंग आहे का?" हा प्रश्न एकदा बाजूला ठेवा.

३) पिंपरीहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला गाडी बदलून नळ स्टॉपला उतरलं की लॉ कॉलेज रोड. संग्रहालयाच्या थिएटरमधले खेळ आणि जानेवारीच्या सुमारास होणारा पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव यांच्या तारखा नोटीस बोर्डावर लावायची जबाबदारी विंगमधल्या एकाने घ्यावी. वॉर्डन सरांकडे रात्रीच्या उशिराची परवानगी आधी लेखी मागावी. आमचा अनुभव असा, की कारण खरं असेल तर मिळते.

४) एफटीआयआय आणि संग्रहालय यांची चित्रपट रसास्वादाची शिबिरं जुनी आणि नावाजलेली आहेत. २०१७ पासून एफटीआयआय देशभर छोटे कोर्सेसही घेते. सुट्टीत जमवता येतं. फी आणि अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघाव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

५) पहिली फिल्म आपल्या ओळखीच्या कामावर करा. मेसचे काका, चाकणच्या रस्त्यावरचा ट्रक ड्रायव्हर, धोबी, घरचे. आणि ती जाहीर दाखवण्याआधी त्या माणसाला दाखवा. हा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, पण यापुढे मोडणार नाही.

शेवटी बॅगेचं काय झालं?

रूममेटने बॅग परत कॉटखाली सरकवली होती. त्याची एम-थ्री दुसऱ्या अटेम्प्टला निघाली. डिग्री झाल्यावर तो चाकणला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला. जनरल शिफ्ट करतो आणि रात्री प्रवेश परीक्षेचा अभ्यास. मागच्या वेळी मुलाखतीपर्यंत गेला, निवड झाली नाही. या वेळी पुन्हा बसतोय. झाली तर आनंद आहे. नाही झाली तर? हा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, "अरे, लाईनवर उभा असतो तेव्हा मला आता दिसतं. पहिल्यांदा दिसत नव्हतं. ते काय परत जाणार आहे का?"

सिनेमाच्या धंद्यात काम मिळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. जो देईल त्याच्या क्लासला फी भरू नका! पण बघायला शिकलेला इंजिनिअर वाया जात नाही, एवढं मात्र मी माझ्या घरच्या अनुभवावरून सांगू शकतो. आता लेथवर काम चालू असलं की मी आधी चक बघतो आणि मग हात. आणि शॉट कापताना मनातल्या मनात चार सेकंद मोजतो.

येत्या शनिवारी रात्री जेवणानंतर टीव्ही रूममध्ये 'संत तुकाराम' लावतो आहोत. येताना वही आणा. जिजाईवर लक्ष ठेवा.